बाहेरच्या पाण्यावरचे अवलंबन कसे कमी करावे : दुष्काळी भागातील शहर आणि गावांसाठी प्रादेशिक पाणी आराखडा

१२ एप्रिल २०१६ रोजी पहाटे मिरजेहून आलेली पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली, तेव्हा तिच्या दहा वाघिणींत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. पुढे 'जलदूत' नावाने ओळखली गेलेली ही गाडी पन्नास वाघिणींची झाली आणि एका खेपेला २५ लाख लिटर पाणी आणू लागली. कृष्णेचे पाणी सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास करून मांजरेच्या खोऱ्यातल्या शहरात येत होते. २०११ च्या जनगणनेनुसार लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८२ हजारांहून अधिक होती. त्या हिशेबाने गाडीची एक पूर्ण खेप म्हणजे माणशी साडेसहा लिटर पाणी. प्रसंग निभावून नेण्यासाठी हे मोलाचे होते, परंतु एवढ्या खटाटोपातून किती थोडे पाणी हाती येते, हेही त्यातून कळते.

टँकर, रेल्वे किंवा दुसऱ्या खोऱ्यातून टाकलेली जलवाहिनी यांवरचे अवलंबन टप्प्याटप्प्याने कमी करण्यासाठी आराखडा कसा तयार करावा, हे पुढे सांगितले आहे. पन्नास हजार ते पाच लाख लोकवस्तीचे शहर आणि त्याच्या भोवतालची गावे डोळ्यांसमोर ठेवली आहेत. दरवर्षी जिल्हा प्रशासन करते तो टंचाई आराखडा वेगळा. टंचाई आल्यावर टँकर कुठे लावायचे आणि कोणत्या विहिरी अधिग्रहित करायच्या, हे त्यात ठरते. इथे अभिप्रेत असलेला आराखडा टँकरची गरज कमी करण्याचा आहे.

पायरी १ : सीमा आखा आणि 'बाहेरचे पाणी' म्हणजे काय ते ठरवा

तालुक्याची हद्द पाण्याला माहीत नसते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने राज्याची सुमारे दीड हजार पाणलोट क्षेत्रांत विभागणी केलेली आहे. त्यांपैकी आपल्या शहराचा उद्भव, म्हणजे पाणी जिथून घेतले जाते ते धरण, नदी किंवा विहीर, ज्यांत येतो ती पाणलोट क्षेत्रे, आणि त्याच पाण्यावर हक्क सांगणारी सर्व गावे व कारखाने, यांना एकत्र धरून आराखड्याची सीमा आखावी. मांजरा प्रकल्पाचे उदाहरण घेतले तर त्याचे धरण बीड जिल्ह्यात, केज तालुक्यात धनेगावला आहे आणि त्यावर लातूरबरोबर अंबाजोगाई, केज, कळंब ही गावेही विसंबून असतात. केवळ लातूर महापालिकेने आपल्यापुरता आराखडा केला, तर तो पहिल्याच कोरड्या वर्षी कोलमडेल.

पाणी बाहेरचे आहे की आपले, हे अंतरावर ठरवू नये. ते सोडण्याचा निर्णय कोणाच्या हाती आहे, ते आणण्यासाठी किती वीज जाते आणि आपल्याकडे दुष्काळ पडतो त्याच वर्षी तिथेही पडतो का, हे तीन प्रश्न प्रत्येक उद्भवासाठी विचारून उत्तरे नोंदवावीत. तिसऱ्या प्रश्नाकडे बहुधा दुर्लक्ष होते. २०१६ मध्ये शहराच्या विहिरी आणि धनेगावचे धरण एकाच वेळी आटले, कारण दोन्हींवर पाऊस एकाच टापूतला पडतो; मिरजेला कृष्णेत पाणी होते, कारण ती नदी सह्याद्रीच्या पावसावर भरते. मराठवाड्यातील अकरा धरणे जलवाहिन्यांनी जोडण्याची 'वॉटर ग्रिड'ची कल्पनाही याच कसोटीवर तपासावी. एका धरणात पाणी असून दुसरे कोरडे असेल तेव्हा अशी जोडणी उपयोगी पडेल. अकराही कोरडी असतील तेव्हा ती फक्त नळांची जोडणी उरेल. म्हणून खोऱ्याबाहेरच्या पाण्याला आराखड्यात जागा असावी, पण ती विम्याची, रोजच्या भाकरीची नव्हे.

पायरी २ : ताळेबंद मांडा, आणि तो वाईट वर्षाचा मांडा

लातूर परिसराची पावसाची सरासरी ८०० मिलिमीटरच्या आसपास धरली जाते. हा आकडा आराखड्याच्या पहिल्या पानावर लिहिला की पुढचे सगळे गणित फसते, कारण सरासरीइतका पाऊस पडणाऱ्या वर्षी कोणालाच टँकर लागत नाही. सिंचनाच्या प्रकल्पांचे नियोजन साधारणपणे ७५ टक्के विश्वासार्हतेने केले जाते, म्हणजे चारांपैकी एका वर्षी तूट येईल हे त्यात गृहीत असते. पिण्याच्या पाण्यासाठी ९५ टक्के विश्वासार्हता धरतात. मराठवाड्यात २०१४ आणि २०१५ ही दोन वर्षे लागोपाठ कोरडी गेली, तेव्हा लागोपाठची दोन वाईट वर्षे हेच आराखड्याचे परीक्षावर्ष मानावे, असे माझे मत आहे.

माहिती कुठून मिळवायची? महसूल मंडळनिहाय पावसाच्या नोंदी, जलसंपदा विभागाकडील धरणांचे रोजचे साठे आणि भूजल यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींतील पाणीपातळ्या, ज्या वर्षातून चार वेळा, म्हणजे ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत मोजल्या जातात. या नोंदी निदान वीस वर्षांच्या घ्याव्यात. शहराची स्वतःची नोंद बहुतेकदा पंप किती तास चालला एवढीच असते, आणि जुना पंप कागदावरच्या क्षमतेने पाणी देत नाही. म्हणून ताळेबंदाचे काम सुरू करण्याआधी उद्भवावर, जलशुद्धीकरण केंद्राच्या दारात आणि प्रत्येक जलकुंभाच्या बाहेर पडणाऱ्या वाहिनीवर मोठे मीटर बसवावेत. हा खर्च कोणत्याही नव्या जलवाहिनीच्या तुलनेत किरकोळ असतो, तरी तो पुढे ढकलला जातो, कारण मीटरच्या उद्घाटनाला कोणी येत नाही.

धरणाच्या साठ्यातून मृतसाठा (तळाशी उरणारे, नेहमीच्या मार्गाने सोडता न येणारे पाणी) आणि बाष्पीभवन दोन्ही वजा करावे. मराठवाड्यात उघड्या जलाशयावरून वर्षाला दीड ते दोन मीटर पाणी उडून जाते. दहा हेक्टर पसरलेल्या उथळ तलावातून दीड मीटरच्या हिशेबाने दीड लाख घनमीटर पाणी उडते, त्यामुळे उथळ तलावातले पाणी आधी आणि खोल धरणातले नंतर वापरायचे, हा साधा क्रमही बरेच पाणी वाचवतो.

पायरी ३ : मागणी माणसांवरून मोजा

ग्रामीण नळयोजनांसाठी माणशी रोज ५५ लिटर आणि भुयारी गटारे असलेल्या शहरांसाठी १३५ लिटर हे प्रचलित निकष आहेत. चार लाख लोकवस्तीच्या शहराला १३५ लिटरने रोज ५४ दशलक्ष लिटर लागतात. ही घरात पोहोचायला हवी ती गरज. उद्भवातून किती उचलतो, तो आकडा वेगळा. अनेक प्रस्तावांत हे दोन आकडे एकमेकांत मिसळतात आणि गळतीची भरपाई 'वाढीव मागणी' म्हणून नव्या योजनेत शिरते. जनावरे, रुग्णालये, वसतिगृहे आणि औद्योगिक वसाहत यांचे रकाने स्वतंत्र ठेवावेत. लातूरसारख्या शिकवणीच्या गावी बाहेरून आलेले विद्यार्थी जनगणनेत दिसत नाहीत, पण पाणी त्यांनाही लागतेच.

पायरी ४ : सर्वांत जवळचा उद्भव, म्हणजे गळती

वरच्याच शहरात समजा ४० टक्के पाणी गळती, चोरी आणि मीटरविना वापर यांत जात असेल, तर घरांत ५४ दशलक्ष लिटर पोहोचवण्यासाठी उद्भवातून ९० दशलक्ष लिटर उचलावे लागतात. गळती २० टक्क्यांवर आणली तर साडेसदुसष्ट पुरतात. वाचलेले साडेबावीस दशलक्ष लिटर म्हणजे 'जलदूत'च्या पन्नास वाघिणींच्या नऊ खेपा, आणि त्याही रोज.

काम पुढील क्रमाने करावे. शहराचे जलकुंभनिहाय विभाग पाडावेत आणि प्रत्येक विभाग झडपांनी वेगळा करता येईल अशी सोय करावी. मग मध्यरात्री दोन ते चारच्या दरम्यान, घराघरांतल्या टाक्या भरलेल्या असताना, त्या विभागात जाणारा प्रवाह मोजावा. त्या वेळी वाहणारे पाणी बहुतांशी गळतीचे असते. सर्वाधिक रात्रप्रवाहाचा विभाग आधी हाती घ्यावा. ज्या शहरांत पाणी चार-आठ दिवसांनी येते तिथे ही चाचणी थेट घेता येत नाही; तिथे एक विभाग निवडून त्याला निदान दोन दिवस सलग दाब द्यावा लागतो, आणि याची कल्पना उरलेल्या विभागांतील लोकांना आधीच द्यावी, नाहीतर झडपेपाशी भांडणे होतात. गळती मुख्य वाहिनीपेक्षा घरगुती नळजोडण्यांच्या सांध्यांवर अधिक सापडते. सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या मलकापूरने प्रत्येक जोडणीला मीटर, वापराप्रमाणे चढता दर आणि चोवीस तास पाणी, अशी योजना राबवून दाखवली. तिथे जाऊन ती पाहणे हे कोणत्याही अहवालापेक्षा अधिक उपयोगी ठरेल.

पायरी ५ : भूजलाला सार्वजनिक टाकी माना

मराठवाड्याच्या खाली बेसाल्ट खडक आहे. त्यात पाणी साठते ते वरच्या कुजलेल्या थरात आणि भेगांत, आणि ते फार थोडे असते. शंभर हेक्टरांच्या पाणलोटात पावसाळ्यानंतर पातळी तीन मीटर चढली आणि खडकाची पाणी देण्याची क्षमता दोन टक्के धरली, तर हाती येणारे पाणी ६० हजार घनमीटर भरते. माणशी ५५ लिटरच्या हिशेबाने एका माणसाला वर्षाला सुमारे वीस घनमीटर लागतात. म्हणजे हे तीन हजार माणसांचे वर्षाचे पाणी झाले. पाटपाण्याने भिजवलेल्या उसाला हेक्टरी वीस हजार घनमीटर धरले, तर तेच पाणी तीन हेक्टर ऊस पिऊन टाकतो. हे गणित गावसभेत फळ्यावर मांडावे. उसावर भाषण देण्यापेक्षा त्याचा परिणाम जास्त होतो.

पिण्याच्या उद्भव विहिरीचे संरक्षण कायद्याने करता येते. सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर निर्बंध १९९३ च्या भूजल अधिनियमानेच आणले होते आणि २००९ च्या अधिनियमाने पाणलोटाच्या पातळीवर नियोजनाची चौकट दिली. व्यवहारात मात्र नियम मोडल्यावर तक्रार करण्याऐवजी तो मोडण्याआधीच नकाशा लावणे अधिक कामाचे असते. प्रत्येक उद्भव विहिरीभोवतीचे ५०० मीटरचे वर्तुळ गावनकाशावर रंगवून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावे, आणि बोअर घेणाऱ्या गाड्यांच्या मालकांनाही त्याची प्रत द्यावी.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या पुढाकाराने दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा अंदाजपत्रकासारखा हिशेब गावसभेत मांडण्याची आणि त्यावरून पिके ठरवण्याची पद्धत रुजवली. शेतीसाठी बोअर न घेण्याचे बंधनही गावाने पाळले. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी सत्तरच्या दशकात सुरू केलेल्या पाणी पंचायतीने पाण्याचा वाटा जमिनीवर न देता कुटुंबातील माणसांवर दिला. दोन्ही ठिकाणी बंधाऱ्यांची कामे झालीच, परंतु बंधारे इतरत्रही असंख्य झाले आहेत; या गावांचे वेगळेपण उपशाला घातलेल्या मर्यादेत आहे. पुनर्भरणाचे काम आणि उपशाचा करार एकाच ठरावात नसेल, तर मुरवलेले पाणी ज्याची बोअर सर्वांत खोल त्याच्याकडे जाते.

नदी-नाले खोल करण्याच्या कामातही सावधपणा हवा. गाळ काढणे चांगले. लातूरकरांनी २०१६ मध्ये लोकवर्गणीतून मांजरेच्या पात्रात हे काम केले. पण गाळ संपून खालचा कठीण खडक लागला तिथे थांबावे. त्याखाली खोदल्यास आजूबाजूच्या विहिरींचे पाणी पात्रात उतरून उन्हात उडून जाण्याचा धोका असतो. कुठे थांबायचे, हे जेसीबीच्या तासांवरून न ठरवता भूवैज्ञानिकाला जागेवर उभे करून ठरवावे.

पायरी ६ : छपरांचे पाणी आणि जुने उद्भव

छतावरील पावसाबद्दल अवास्तव आशा नको. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. शहरात ८० हजार घरे आणि सरासरी ६० चौरस मीटरचे छत धरले, तर ८०० मिलिमीटर पावसात, वीस टक्के तूट सोडून, सुमारे ३० लाख घनमीटर पाणी मिळते. ५४ दशलक्ष लिटरच्या रोजच्या गरजेशी ताडले तर हे पाणी वर्षाच्या मागणीच्या सुमारे पंधरा टक्के भरते, आणि पाऊस निम्मा झाला की हा वाटाही निम्मा होतो. टाकीत साठवून हे पाणी वर्षभर पुरत नाही. ते सार्वजनिक विहिरी आणि बोअर यांत, वाळू-खडीच्या गाळणीतून, मुरवणे योग्य. तमिळनाडूने २००३ मध्ये ही सोय सर्व इमारतींना सक्तीची केली, तरीही २०१९ च्या जुलैत चेन्नईला जोलारपेट्टईहून रेल्वेने पाणी आणावे लागले. छपराचे पाणी आराखड्यात असावेच, पण आराखडा त्याच्या जिवावर उभा करू नये.

जुन्या आड-बारवा आणि गावतळी यांची पाहणी करून त्यांचे दोन गट करावेत. ज्यांचे पाणी तपासणीत पिण्यालायक निघेल ते एका गटात. उरलेले बागा, बांधकाम आणि धुणीभांडी यांसाठी. सतराव्या शतकात मलिक अंबरने आजच्या छत्रपती संभाजीनगरात बांधलेल्या नहर-ए-अंबरीसारख्या व्यवस्था पाहिल्या की मन हळवे होते. पण आज अशा उद्भवांवर वस्ती उभी राहिलेली असते, तेव्हा शौचालयांचे पाणी त्यात झिरपते का, हे आधी तपासावे.

पायरी ७ : सांडपाणी दुसऱ्यांदा वापरा

घरात आलेल्या पाण्याचा सुमारे ८० टक्के भाग सांडपाणी होऊन बाहेर पडतो. ५४ दशलक्ष लिटरच्या शहरात असे रोज ४३ दशलक्ष लिटर पाणी मिळते, आणि दुष्काळातही शहर जोवर पाणी पिते तोवर ते मिळत राहते. पहिले गिऱ्हाईक उद्योग असावेत. नागपूरच्या भांडेवाडीत १३० दशलक्ष लिटर क्षमतेच्या प्रकल्पात प्रक्रिया केलेले पाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला देण्याची व्यवस्था झाली, त्यामुळे तेवढे ताजे पाणी शहरासाठी मोकळे झाले. आपल्याकडे औद्योगिक वसाहत असेल तर तिला धरणाचे पाणी देण्याआधी हा करार करावा, आणि प्रक्रिया केलेल्या पाण्याचा दर ताज्या पाण्यापेक्षा कमी ठेवावा.

कॅलिफोर्नियातील ऑरेंज काउंटीने याच्याही पुढची मजल मारली आहे. तिथे २००८ पासून सांडपाणी अतिसूक्ष्म गाळण, व्यस्त परासरण आणि अतिनील किरणे यांतून शुद्ध करून जमिनीत मुरवतात. २०२३ मध्ये या प्रकल्पाची क्षमता दिवसाला ४९ कोटी लिटरांच्या घरात पोहोचली. कोलोरॅडो नदी आणि उत्तर कॅलिफोर्नियातून येणाऱ्या पाण्यावरचा भार त्यामुळे कमी झाला. परंतु तिथे खाली जाड गाळाचा, भरपूर पाणी साठवणारा थर आहे. आपल्या बेसाल्टात तशी जागा नाही, म्हणून ते तंत्र जसेच्या तसे उचलून चालणार नाही.

एक अडचण आधीच ओळखून ठेवावी. शहराच्या खालच्या अंगाला नाल्यावर मोटारी लावून भाजी-चारा पिकवणारे शेतकरी हे सांडपाणी आजही वापरत असतात. ते सगळे पाणी उद्योगाला दिले तर त्यांचे पीक जाते. त्यांचा वाटा मोजून, लिहून आणि प्रक्रिया करून द्यावा.

पायरी ८ : शेतीशी करार

पिण्याचे पाणी एकूण वापराच्या मानाने थोडे असते, म्हणून प्रादेशिक आराखडा शेतीला वगळून होऊच शकत नाही. लाभक्षेत्रातल्या आवर्तनांचा, म्हणजे शेतीला कालव्याने पाणी सोडण्याच्या पाळ्यांचा, निर्णय कालवा सल्लागार समितीत होतो. शहराच्या पाणीपुरवठा अधिकाऱ्याने तिथे नुसते आरक्षणाचे पत्र घेऊन न जाता ताळेबंद घेऊन जावे. उसाला ठिबक केल्यास पाण्याची लक्षणीय बचत होते, पण वाचलेल्या पाण्यावर शेजारी आणखी ऊस लागला तर धरणात काहीच उरत नाही. यासाठी करारात ठिबकसाठी मदत, क्षेत्रावर कमाल मर्यादा आणि डाळी-तेलबियांच्या खरेदीची हमी या तीनही गोष्टी एकत्र असाव्यात. हा भाग सर्वांत कठीण आहे आणि तो एका वर्षात होत नाही.

पायरी ९ : उरलेल्या बाहेरच्या पाण्याची खरी किंमत काढा

एक घनमीटर पाणी शंभर मीटर उचलायला, पंपाची कार्यक्षमता ६५ टक्के धरल्यास, सुमारे ०.४२ युनिट वीज लागते. रोज ५० दशलक्ष लिटर पाणी एवढे उचलायचे तर २१ हजार युनिट. युनिटला आठ रुपये धरले तर दिवसाला १ लाख ६८ हजार रुपये, आणि वाहिनीतील घर्षणाचा खर्च वेगळा. योजना शासनाच्या अनुदानातून उभी राहते, पण हे बिल पालिकेच्या गळ्यात कायमचे पडते. वीजबिल थकल्याने बंद पडलेल्या प्रादेशिक नळयोजना ग्रामीण महाराष्ट्राला नव्या नाहीत. नदीपात्रातून पाणी आणायचे असेल तर वाटेतली तूटही धरावी. सोलापूरसाठी उजनीचे पाणी भीमेच्या पात्रातून औज बंधाऱ्यापर्यंत सोडावे लागे, तेव्हा शहराच्या गरजेपेक्षा कितीतरी अधिक पाणी धरणातून निघे.

बाहेरचे पाणी घ्यायचेच असेल, तर ते चांगल्या वर्षी घेऊन स्थानिक विहिरींना विश्रांती द्यावी आणि साठलेले भूजल वाईट वर्षासाठी राखावे. आपल्याकडे सहसा याच्या उलट घडते : चांगल्या वर्षी जवळचे उपसून संपवतात आणि दुष्काळात, जेव्हा सगळेच मागत असतात, तेव्हा बाहेरचे मागायला निघतात.

पायरी १० : १५ ऑक्टोबरची बैठक

पावसाळा संपता संपता वर्षाचे पाणी जवळपास ठरलेले असते. गोदावरी खोऱ्यात जायकवाडीचा साठा १५ ऑक्टोबरला ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा निर्णय याच तारखेवर बेतलेला आहे. आपणही हीच तारीख धरावी. बैठकीला पालिका, जिल्हा परिषद, जलसंपदा, भूजल यंत्रणा, साखर कारखाने आणि पाणलोटातील गावांचे प्रतिनिधी असावेत. मेजावर एकच तक्ता ठेवावा : प्रत्येक उद्भवात आज किती पाणी आहे, त्यातून बाष्पीभवन किती जाईल आणि पुढचा पाऊस लांबला असे धरून ३१ जुलैपर्यंत रोज किती वापरता येईल. पाणी पुरत असेल तर नेहमीचा पुरवठा. दहा-पंधरा टक्के तूट दिसत असेल तर उन्हाळी आवर्तन कमी आणि राखीव विहिरी चालू. त्याहून मोठी तूट असेल तर बाहेरच्या पाण्याची मागणी नोव्हेंबरातच, लेखी. या तीन मर्यादांचे आकडे तूट नसलेल्या वर्षी ठरवून ठेवावेत, कारण तूट समोर दिसू लागल्यावर कोणीच आपला वाटा सोडत नाही.

बैठकीनंतर हा तक्ता शहरात प्रभागनिहाय आणि गावात ग्रामपंचायतीसमोर फलकावर लावावा आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला शिल्लक दिवसांचा आकडा बदलावा. मे महिन्यात निरीक्षण विहिरी मोजून झाल्या की ऑक्टोबरचा अंदाज आणि प्रत्यक्ष पातळी शेजारी शेजारी लिहाव्यात. कोणत्या उद्भवाने अंदाज चुकवला त्याची नोंद त्याच वहीत करावी, आणि पुढच्या १५ ऑक्टोबरच्या बैठकीची सुरुवात त्या नोंदीपासून करावी.